भिकूमामांचा जकात नाका

बोरिवली पूर्वेच्या आमच्या बैठ्या चाळीत गावाहून आलेला माणूस थेट घरी जात नसे. आधी भिकूमामांना बॅग उघडून दाखवावी लागे.

"काय हाडलंस रे?" नळाजवळच्या दगडावर बसून मामा विचारत. मग काजू, कोकम, कुळथाचं पीठ, जे निघेल त्यातला निम्मा भाग त्यांच्या गोणीत जाई. आंबे ते देठाशी हुंगून निवडत आणि उत्तम तेवढेच घेत. एकदा परबकाका हापूसची पेटी घेऊन मागच्या नाल्यातून चाळीत शिरले. मामा त्यांच्या दारात आधीच बसलेले. "नाल्यातसून इलात, पाय धुवा. मगे पेटी उघडा."

मामा वनखात्यातले निवृत्त रक्षक. मागच्या डोंगराला वणवा लागला की ओल्या फांद्यांनी आग झोडपायची, ही त्यांची नोकरी. एका वणव्यात त्यांचा सोबती दत्तू गेला, आणखी एकाचे दोन्ही हात निकामी झाले. हा वानवळा त्या दोन घरांसाठी असतो, हे चाळीला ठाऊक होतं. म्हणून कुरकुरत का होईना, सगळे बॅग उघडत.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्या मे महिन्यात आईने दिलेला फणस खांद्यावर घेऊन गावाहून आलो आणि मामांना शहाणपणाने म्हणालो, "मामा, त्यापेक्षा वर्गणी काढूया ना. अर्ज मी लिहितो."

"वर्गणी येता आणि सरता, ग्रॅज्वेट. त्या घरांचो गाव सुटलो, त्येचा काय?" मग फणसाकडे बघून म्हणाले, "अर्धो घेवन काय करू? अख्खो उचल. चल."

मामा माझ्यापुढे झपाझप चालत होते. डोंगर जवळ आल्यावर म्हणाले, "त्या दिवशी पाळी माझी होती. मी गावाक गेल्लंय, म्हणून दत्तू गेलो. तेका फणस हाडतंय म्हणून सांगितलेलंय. हाडलंय पण..."

दत्तूच्या खोलीपाशी त्यांनी फणस पायरीवर ठेवायला लावला आणि लगेच पाठ फिरवली. दत्तूची बायको बाहेर आली.

"भाऊजी, आत या."

"पाय मातीचे असत, वयनी."

"दर वर्षी तेच सांगता. मागचा फणस मी तसाच शेजारी देऊन टाकला. माझ्याने फोडवत नाही, आणि फोडणारं घरात कोणी नाही." तिने कोयता उंबऱ्यावर ठेवला. चीक चिकटू नये म्हणून त्याला खोबरेल लावलेलं होतं. "आज तुम्ही फोडा."

मामांनी पायांकडे पाहिलं. कोरड्या वाटेवरून आलेले ते पाय स्वच्छच होते. तरी त्यांनी तिच्याकडून तांब्याभर पाणी घेऊन ते घोट्यापर्यंत चोळून धुतले आणि वाकून आत गेले.

मी अंगणात उभा होतो. जरा वेळाने आतून नेहमीचा आवाज आला, "ग्रॅज्वेट, भायर काय करतंस? चीक माका लागतलो, तुका नुसते गरे खावचे असत."