जनीची मोठी छत्री

दाभोळच्या धक्क्यावर मासे विकणाऱ्या जनीने एप्रिलच्या भर उन्हात जाहीर करून टाकलं, “ह्यापुढं काशीरामच्या दुकानातून छत्री घेईन तर नाव बदलीन!”

कारणही तसंच होतं. काशीरामकडची नवी कोरी छत्री दुसऱ्याच दिवशी उलटी होऊन पडली. बदलून मागायला गेली तर तो म्हणतो, “छत्री वाऱ्यात उघडायची नसते, जनीबाय!” खाडीच्या तोंडाशी बसायचं आणि वारा टाळायचा!

“आता मोबाइलवरून मागवणार! त्याच्या नाकावर टिच्चून!” जनीने सुनेला, नम्रताला बजावलं.

पण रेंज यायची ती फक्त धक्क्याच्या टोकाला, तीही मर्जी असेल तेव्हा. सासू-सुना टोकावर जाऊन उभ्या राहिल्या. छत्र्यांची यादी आली, पण फोटोंच्या जागी नुसते राखाडी चौकोन. एका चौकोनाखाली लिहिलं होतं, ‘मोठी छत्री, मजबूत दांडा’.

“हीच घे!”

“आई, फोटो तरी उघडू द्या. माप बघू. लोकांनी काय लिहिलंय ते वाचू.”

“मी बांगडा घेताना लोकांनी लिहिलेलं वाचते काय?”

“तुम्ही कल्ले उघडून बघता! इथं कल्लेच दिसत नाहीत!”

“रेंज जाईल गो! दाब!”

नम्रताने दाबलं.

पाचव्या दिवशी टेम्पो आला. दोन माणसांनी वल्ह्याएवढं खोकं उतरवलं. आतून निघाली हॉटेलच्या बागेत टेबलावर लावतात तसली छत्री! उघडली तर खाली अख्खी होडी मावेल!

काशीराम धावतच आला. “कुणाच्या लग्नाचा मांडव हा?”

एवढी मोठी जनीलाही नको होती, पण मान ताठ! “मापानं मागवलीय! तुझ्यासारखी दोन काड्यांची नको होती मला!”

तिने दांडा रेतीच्या पिंपात रोवला. सावली बघून गिऱ्हाइकं तिच्याकडेच वळली. बारापर्यंत टोपली रिकामी! जनी काशीरामच्या दुकानाकडे बघून मुद्दाम मोठ्याने हसली.

दुपारी वारा सुटला. छत्री पिंपासकट आडवी झाली, दांडा सुटला, आणि ती गरगरत खाडीत गेली. होडी घालून काढावी लागली.

संध्याकाळी कुणाला न सांगता जनी एकटीच टोकावर गेली. छत्री पाठवूनच द्यायची! मोबाइलवरचं पान अर्धवटच उघडलं. बटणावर एकच शब्द दिसत होता, ‘परत’. जनीने तो अंगठ्याने चेपला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पाचव्या दिवशी पुन्हा टेम्पो. पुन्हा तेवढंच खोकं!

“अरे, मी परत केली ना?”

“मावशी, तुम्ही ‘परत मागवा’ दाबलंय,” टेम्पोवाला म्हणाला. “नको तर घेऊन जातो.”

जनी हो म्हणणारच होती. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरून काशीराम ओरडला, “काय जनीबाय, फसलीस ना?”

“फसतेय कशाला?” जनीने खोक्यावर हात आपटला. “उतरव रे! जोडीच मागवली होती!”