केरोबा अस्वल आणि मधाचं तिकीट

एका जंगलात, बरं का मुलांनो, केरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. बायको ठकूबाई, दोन पिल्लं आणि गुहेत मधाची सहा मडकी, असा त्याचा सुखाचा संसार होता.

केरोबाला एकच वेड. कबड्डीचं. जंगलाचा ससेसंघ पळसाच्या माळावर खेळायचा. केरोबा पहिल्या रांगेतल्या दगडावर बसून घसा बसेपर्यंत ओरडायचा. समोर कधी रानडुकरं असत, कधी नीलगायी. ससे चौदा वर्षांत एकदाही जिंकले नव्हते.

"असू दे. आपले ते आपले," केरोबा म्हणायचा.

जाताना खेळाडूंना मूठभर जांभळं दिली की झालं. दुसरा खर्च नव्हता.

मग माळाची व्यवस्था कोल्ह्याकडे गेली. त्याने भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि दारात मुंगूस उभं केलं.

"आत जायला एक मडकं मध," मुंगूस म्हणालं.

केरोबाने दिलं. संघ मोठा व्हायचा तर एवढं करायलाच हवं.

पुढच्या सामन्याला त्याच्या दगडावर पाटी लागली होती : मानाची जागा. आत जायच्या मडक्यावर तिचं आणखी एक मडकं गेलं. वर मुंगसाने त्याचा पाण्याचा भोपळा काढून घेतला. बाहेरचं पाणी आत चालत नव्हतं. आत त्याच ओढ्याचं पाणी द्रोणातून विकायला होतं.

"अहो, पिल्लांच्या तोंडचा मध तो," ठकूबाई म्हणाली. "त्या सशांना तुमचं नाव तरी माहीत आहे का?"

केरोबाला ते लागलं. पटलंही. पुढच्या सामन्याला तो गेला नाही. दिवसभर गुहेत भिंतीकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी कोल्हा स्वतः दारात हजर.

"केरोबा, तुमच्या आरोळीवाचून ससे हरले हो!"

"ते नेहमीच हरतात."

"हो, पण काल मनापासून हरले नाहीत."

केरोबाचे डोळे भरून आले.

"म्हणून तुमच्यासाठी निष्ठावंत तिकीट काढलंय," कोल्हा म्हणाला. "फक्त जुन्या मंडळींना. तीन मडकी, आगाऊ."

गुहेत तेवढीच उरली होती. ठकूबाई मडक्यांसमोर आडवी उभी राहिली. केरोबाने तिच्यापुढे हात जोडले. शेवटी तीच रागारागाने बाजूला झाली.

निष्ठावंतांची जागा सगळ्यात मागे होती. पुढे शेजारच्या जंगलातले पाहुणे हत्ती बसले होते. केरोबाला दिसत होती फक्त एका हत्तीची पाठ. तरी तो त्या पाठीकडे बघून जीव तोडून ओरडला.

आणि काय सांगू मुलांनो, ससे जिंकले! शेवटच्या चढाईत तीन रानडुकरं बाद! माळ दणाणून गेला.

"काय झालं? कोण बाद?" केरोबा टाचा उंचावून विचारत होता.

"कोण जाणे बुवा," हत्ती म्हणाला. "आम्ही जेवायला आलोय."

केरोबा नाचत घरी आला. पिल्लं उकडलेले कंद खात बसली होती. त्याने त्यांना शेवटची चढाई रंगवून सांगितली. सशाने कुठला पाय टाकला, कुठे हुलकावणी दिली, सगळं. सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं.

"बाबा, मलाही न्या ना," धाकटं म्हणालं.

"नेणार तर!" केरोबाने त्याला खांद्यावर घेतलं. "उद्यापासून मी दोन झाडं जास्त चढतो."

ठकूबाईने कपाळावर हात मारला.

तात्पर्य : निष्ठेला मोल नसतं. म्हणूनच ते कोल्ह्याने ठरवायचं असतं.