ओराझिओ झानिन याने आपण होऊन मैदान सोडिले त्याची हकीकत

श्रीगजाननास आणि शारदेस नमन असो, आणि मैदानाचे चारी कोपरे राखणारी जी कोणी देवता असेल, तिचे नाव आम्हांस ठाऊक नाही, तिलाही नमन असो. शके १९२२, विक्रमनाम संवत्सरी, पश्चिमेस जोड्याच्या आकाराचा जो मुलूख इटली म्हणोन प्रसिद्ध, तेथे उत्तर प्रांती भातखाचरांनी वेढिलेले एक नगर होते, त्याचे नाव लिहावयाचे कारण नाही. त्या नगरीचे फुटबॉलाचे पथक दुसऱ्या दर्ज्यात खेळत असे, आणि त्यात ओराझिओ झानिन, वय वर्षे सतरा, भातगिरणीतील मजुराचा पुत्र, अंगाने उंच, नवा चाकरीस राहिला. पुढे खेळावे, गोल करावे, लोकांनी नाव घ्यावे, ऐसी त्याची उमेद होती. मग पथकाचे वस्ताद फाल्केत्ती म्हणोन वृद्ध गृहस्थ होते, त्यांनी त्यास काही दिवस पाहिले आणि बोलावून सांगितले की, "उद्यापासून तू मागे, बचावास उभा राहा." ओराझिओ खट्टू जाहाला आणि म्हणाला, "वस्ताद, माझे काही चुकले काय?" वस्ताद बोलिले, "चुकले नाही. काल तुला एकाने चकवून पाडिले, तेव्हां दुसरा असता तर भांडला असता. तू उठून त्यालाच विचारिलेस, की कोणत्या पायावर वळलास. तुला राग येत नाही, प्रश्न पडतात. ऐसा मनुष्य मला मागे पाहिजे."

ते दिवशी ओराझिओ मनातून कष्टी होऊन घरी गेला, परंतु मागे उभे राहता राहता त्यास त्या कामाची गोडी लागली. समोरून कोणी चेंडू घेऊन आला म्हणजे हा त्यावर तुटून पडत नसे. तो श्वास कधी घेतो, नजर कोठे टाकतो, कोणते अंगी झुकतो, हे न्याहाळीत मागे मागे सरे, आणि ऐन वेळी पाय घालून चेंडू काढून घेई. मग त्याची कीर्ती जाहाली, आणि थोरल्या नगरीचे पथकाने त्यास मानाने बोलाविले. तेथे त्याने कैक वर्षे नाव राखिले. पुढे एके सामन्यात पाय गवतात अडकून गुडघ्याची शीर तुटली. वैद्यांनी ती सांधिली, आणि गुडघा पुन्हा वाकवावयास शिकविणारी मिरेल्ला नामे बाई होती, तिशी त्याचा स्नेह जडला आणि लग्न जाहाले. परंतु चपळाई गेली ती गेलीच. थोरल्या पथकाने हार घालून निरोप दिला, आणि ओराझिओ आपले भातखाचरांचे नगरी परत आला. लोकांनी त्यास कप्तान केले. त्याचा जुना सोबती लिव्हिओ ब्रेस्सान आता तेथे वस्ताद होता.

मग शके १९४०, विलंबीनाम संवत्सरी, अधिक ज्येष्ठ मासी निर्वाणीचा सामना आला. बरोबरी राहिली तरी नगर पहिल्या दर्ज्यात चढणार, आणि ऐसे भाग्य हयात माणसांपैकी कोणी पाहिले नव्हते. समोर रेक्किया म्हणोन तरणा आघाडीवीर होता, वाऱ्यासारखा. पूर्वार्धी ओराझिओने त्यास बांधून ठेविले, आणि चेंडू बाहेर गेला असता सहज विचारिले, "डावीकडे वळतोस तेव्हां तुझा खांदा आधी पडतो. ठाऊक आहे काय?" रेक्किया हसला, परंतु शिकला. उत्तरार्धी त्याने खांदा न पाडता ओराझिओस मागे टाकिले, मग पुन्हा टाकिले, आणि दुसरे वेळी चेंडू खांबास लागून परतला म्हणोन नगर वाचले.

मग ओराझिओ लंगडत मैदानाचे कडेस आला आणि लिव्हिओस म्हणाला, "मला बाहेर घे."

"आजच्या दिवशी?" लिव्हिओ बोलिला. "कप्तानास बाहेर घेतले तर लोक मला जिता ठेवणार नाहीत."

"रेक्कियाने गोल केला तर ठेवतील काय? लिव्हिओ, माझ्याने तो आता धरवत नाही. व्हेज्जीस पाठव."

व्हेज्जी तिशीचा, सदा राखीव बसणारा गडी. तो उठला, त्याचे तोंड पांढरे पडले होते. ओराझिओने आपली कप्तानाची पट्टी सोडून त्याचे दंडास बांधिली आणि कानाशी सांगितले, "तो आता खांदा पाडत नाही. पाय पाहू नकोस, कमर पाहा." आणि लोकांनी शिट्ट्या मारिल्या, कित्येक म्हणाले की झानिन भ्याला. त्याने ऐकिले आणि मान खाली घातली, आणि मिरेल्लाने कठड्यावरून पाहिले. मग अखेरचे क्षणी रेक्किया एकटा सुटला, गोलरक्षक पुढे धावला, लोक उभे राहिले, आणि व्हेज्जीने कमरेवरची नजर न काढता अंग लोटून चेंडू बाहेर सारिला. पंचांनी शिटी दिली. बरोबरी जाहाली, नगर चढले, आणि लोकांनी व्हेज्जीस खांद्यावर घेऊन नाचविले. ओराझिओ बाकावर गुडघ्यास बर्फ लावून बसला होता, आणि त्यास सुख होत होते आणि दुःखही, दोन्ही एकदमच. इतक्यात रेक्किया डोळे पुसत तेथे आला आणि म्हणाला, "दादा, मी कोठे जाणार हे त्यास कैसे कळले?" ओराझिओने पाय आवरून बाकावर जागा केली आणि म्हणाला, "बस. सांगतो."

येणेप्रमाणे ओराझिओ झानिन याची मैदानावरील चाकरी समाप्त जाहाली. पुढे तो बचावाचे गड्यांस शिकवू लागला. पुढील हंगामी रेक्किया थोरल्या पथकांची बोलावणी सोडून याच नगरी खेळावयास आला. लोकांनी कारण विचारिले, तेव्हां म्हणाला की, त्या बाकावरचे बोलणे अर्धे राहिले होते.