शांतवनकाकांचे दोन हात

मासळीबाजारात एस्तेरबाईंनी सगुणा कोळिणीच्या हातातली खेकड्यांच्या नांग्या बांधायची दोरी बघितली आणि पिशवी मागे घेतली.

"ही प्लास्टिकची आहे."

"मग कुर्लीचे डेंगे काय रेशमानं बांधू?" सगुणा म्हणाली.

"राहू दे. अशाच दे."

"बाय, डेंगे मोकळे ठेवलेस तर त्या पिशवीत गप बसायच्या नाहीत. जित्या आहेत."

पण बाईंचा इलाज नव्हता. ईस्टरपर्यंत प्लास्टिकला हात लावणार नाही, असं त्यांनी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं. शिवाय आज उपासनेनंतर त्यांच्याच प्रस्तावावर मत घेतलं जाणार होतं: ईस्टरच्या प्रेमभोजनात प्लास्टिकच्या ताटल्या नकोत, स्टीलची ताटं वापरायची. आजच्या दिवशी ती दोरी कुणाला दिसली असती तर प्रस्तावाचं हसं झालं असतं.

दोरीच्या वादात उशीर झाला. जेवायला चिपळूणहून जावई येणार होते, पण कुर्ल्या घरी ठेवायला जाण्याइतका वेळ उरला नव्हता. बाईंनी जुन्या साडीच्या त्या पिशवीला गाठ मारली आणि रिक्षानं थेट चर्च गाठलं.

पिशवी बाकाखाली सरकवून त्या बसल्या. पुढच्याच बाकावर शांतवनकाका होते. पंचमंडळातले सर्वांत जुने आणि प्रस्तावाचे कट्टर विरोधक. "ईस्टर वर्षातून एकदा येतो. आपल्या ताटल्यांनी समुद्र बुडणार आहे का?" असं ते महिनाभर सगळ्यांना विचारत होते आणि लोक हसत होते.

पाळकसाहेबांनी बाईंना मदत व्हावी म्हणून मुद्दाम सृष्टीवर उपदेश केला. "देवानं निर्माण केलेल्या प्रत्येक जिवाला इथं जागा आहे," ते म्हणाले, आणि नेमकं तेव्हाच बाईंच्या पायाला पिशवी हलकी झाल्यासारखी लागली. त्यांनी वाकून बघितलं. गाठ जागेवर होती. खालचा कोपरा मात्र कात्रीनं कापल्यासारखा उघडला होता.

"श्रद्धा, पाय वर घे," त्या शेजारच्या मुलीला हळूच म्हणाल्या.

"का?"

"विचारू नकोस. घे."

श्रद्धानं पाय वर घेतले. तिचं बघून पलीकडच्या बाईनं घेतले, आणि बघता बघता बायकांची अख्खी रांग बाकांवर मांडी घालून बसली. आपला उपदेश मनाला भिडतोय असं वाटून पाळकसाहेबांनी तो आणखी लांबवला.

शेवटी मतदान आलं. "प्रस्तावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

थोडे हात वर झाले. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळ्यांत मोठी कुर्ली तिरकी तिरकी पुढच्या बाकाकडे निघाली होती, आणि चपला बाहेर काढलेले काकांचे पाय तिथं ऐसपैस पसरले होते. सांगावं तर सगळं उघड होणार. न सांगावं तर...

"काका," त्यांनी हाक मारली, पण उशीर झाला होता. काका ताडकन उठले. दोन्ही हात डोक्याच्या वर.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काका, एक हात पुरेसा होता."

काकांनीच हात वर केले म्हटल्यावर त्यांच्या बाजूच्या सगळ्यांनी केले. प्रस्ताव मंजूर झाला. मग काकांनी पाय वर केला. अंगठ्याला कुर्ली लटकत होती.

पेटी वाजवणारे खुर्चीवर चढले, बाक सरकले, पोरं ओरडत पळाली. काका मात्र अंगठा सोडवून घेऊन खाली बसले आणि एकेका कुर्लीला मागून पाठीवर धरून उचलू लागले. जन्म दाभोळच्या खाडीकाठचा. सगळ्या कुर्ल्या त्यांनी चर्चच्या प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या. बाईंनी त्या बादलीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग त्या उभ्या राहिल्या. "कुर्ल्या माझ्या आहेत. हे मत खरं नव्हे. पुन्हा घ्या."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. ते अंगठ्याला रुमाल बांधत होते.

"पुन्हा कशाला? एक हात कुर्लीनं वर केला, हे खरं."

"आणि दुसरा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

काकांनी रुमालाची गाठ आवळली. "दुसरा माझाच. परवा दाभोळचा भाऊ फोनवर सांगत होता, हल्ली जाळं ओढलं की माशांपेक्षा पिशव्याच जास्त निघतात. पण महिनाभर एवढा विरोध केल्यावर सरळ हात कसा वर करायचा, ते सुचत नव्हतं."

कुणी हसलं नाही. काकांना ते अवघड झालं असावं. घाईघाईनं ते म्हणाले, "पण ती शंभर ताटं घासायला मला बोलवू नका. पाय बघताय ना माझा?"

"ताटं हातानं घासतात, काका," एस्तेरबाई म्हणाल्या.