पातळ मिठाची खंडेनवमी

खंडेनवमीच्या दुपारी व्यंकटरावांच्या कारखान्यात बॉयलर, वजनकाटा, दळणयंत्र, मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू वाहून झालं, आणि पातळ मीठ तेवढं राहिलं.

कारखाना म्हणजे कुरुंद्याच्या शिवेवरची पत्र्याची शेड. तिथं हळदीतून रंग काढायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. त्यासाठी पुण्याच्या एका कंपनीनं चाचणीपुरता आयोनिक लिक्विडचा एक पांढरा कॅन पाठवला होता. व्यंकटरावांची लेक पुनम रसायनशास्त्र शिकलेली. हे एक प्रकारचं मीठच आहे, फक्त पाण्याशिवाय पातळ राहणारं, असं तिनं वडलांना समजावलं, आणि त्या दिवसापासून शेडमध्ये सगळे त्याला पातळ मीठच म्हणू लागले. दिसायला मधासारखं, वास नाही, धूर नाही. त्यामुळे त्याची भीती कुणालाच वाटत नव्हती, आणि पुनमला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब ते कसं ठेवलंय, कसं हाताळतात, हे पाहायला येणार होते. पसंत पडलं तर काम कायमचं मिळणार आणि पुनम गावीच राहणार. नाही तर कॅन परत जाणार, आणि त्याच्या मागोमाग पुनमही, कारण पुण्याची एक नोकरी तिच्यासाठी थांबलेली होती. व्यंकटराव चारचौघांत म्हणत, "पोरीची मर्जी." घरी मात्र पुण्याचं नाव निघालं की त्यांना गोठ्यात काहीतरी काम आठवायचं.

पुनम हातमोजे आणायला नांदेडला गेली होती. जाताना वडलांना बजावून गेली होती, "दादा, कॅनचं झाकण उघडायचं नाही."

"झाकणाला कुंकू लावून मोकळं व्हा," व्यंकटराव म्हणाले.

कामावरच्या बायांत थोरल्या असलेल्या पद्माबाईंनी हात आखडला. "मालक, काम कोन करतंय? डबा का डब्यातलं? नवरदेव सोडून घोड्याला ओवाळायचं व्हय?"

व्यंकटरावांना हे पटलं. शिवाय साहेब येण्याआधी पूजेत उणं नको, हेही होतं. त्यांनी कोरी पितळी परात मागवली. देवापुढं अर्धं भांडं ठेवत नाहीत म्हणून काठोकाठ भरली, आणि कॅनचं झाकण मात्र लेकीच्या धाकानं लगेच घट्ट लावलं. परात बॉयलरशेजारी ठेवली. पद्माबाईंनी चिमूटभर हळद वाहिली. हळद परातीत पडली आणि बघता बघता लाल झाली.

"कुंकू झालं," पद्माबाई हळूच म्हणाल्या.

मग परात हलवायची कुणाची छाती होणार? पूजा दसऱ्याच्या सकाळी उतरवायची ठरली.

पातळ मिठाला एक खोड होती. ते हवेतली ओल पिऊन घेतं. बॉयलरची वाफ, परतीच्या पावसानं ओलावलेल्या भिंती आणि रुंद उघडी परात असा बेत त्याला कुणीच कधी दिला नसता. सकाळी व्यंकटरावांनी शेड उघडली तेव्हा परात काठ ओलांडून फरशीवर आली होती.

"वाढलं की हो," ते म्हणाले.

"बरकत हाय," पद्माबाईंनी निकाल दिला.

पुनम आली तेव्हा शेडच्या दाराशी बायांची रांग होती आणि प्रत्येकीच्या हातात वाटी होती. कुणाला कणगीत शिंपडायचं होतं, कुणाला तिजोरीला लावायचं होतं. बंजारा तांड्यावरच्या रुक्माबाई पोत्यावर बसून टाचेवर काहीतरी चोळत होत्या.

"मावशी, काय लावलं?"

"तेच की. टाच भेगाळून राहिली. तेलावानी दिसलं, म्हणलं बघावं."

पुनमनं आवाज चढवला नाही. ती आवाज चढवायची तेव्हा व्यंकटरावांना हायसं वाटायचं. ती हळू बोलू लागली की ते लपायला जागा शोधायचे.

"मावशी, पाय नळाखाली. मी थांब म्हणेपर्यंत काढायचा नाही. खाली टब ठेवा, ते पाणी नालीत जाता कामा नये. बाकीच्यांनी रिकाम्या वाट्या घेऊन घरी जायचं. दादा, कुठं चाललात?"

"फरशीवर दोन बादल्या पाणी मारतो."

"आणि ते जाईल कुठं? नालीतून ओढ्यात, ओढ्यातले मासे उताणे. कोरडी वाळू आणा."

"बरं, परातीतलं गाळून परत डब्यात ओतू का?"

"बाहेर काढलेलं परत आत जात नाही."

"म्हंजी वाया?"

"वाया."

वाळू आली. सांडलेल्यावर पसरली, खरडून झाकणाच्या निळ्या पिंपात भरली. परातीतलं आणि टबातलं वेगवेगळ्या कॅनमध्ये गेलं, त्यावर चिठ्ठ्या लागल्या. परातसुद्धा पिंपात गेली, तेव्हा व्यंकटरावांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. शेवटी उरली झेंडूची फुलं, तांदूळ आणि सुपारी. पुनमनं मोजे घातलेला हात पुढं केला आणि पद्माबाई आडव्या आल्या.

"निर्माल्य कचऱ्यात? वाहत्या पाण्यात सोडावं लागतं."

"मावशी, त्याला ते लागलंय. नदीत नाही चालणार."

"अन् पिंपात देवाला चालंल?"

दोघी हटेनात. रुक्माबाई एक पाय नळाखाली धरून मध्यस्थी करू लागल्या, पण त्यांचं कुणी ऐकेना. व्यंकटरावांनी घसा खाकरला. "हे पिंप जातं कुठं?"

"पुण्याकडं. असा कचरा रीतसर जाळतात तिथं."

"म्हंजी गाडी गंगा ओलांडून जाणार."

"गोदावरी? हो, पुलावरून."

"पद्माबाई, गंगेवरून जाऊन अग्नीत जाणार. माझं तरी एवढं होईल का, ठाव न्हाई."

पद्माबाईंनी थोडा विचार केला आणि फुलं स्वतःच्या हातानं पिंपात टाकली. हातानं टाकली म्हणून त्यांनाही नळाखाली उभं केलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नाव प्रेमदास राठोड, तांड्यावरूनच शिकून वर गेलेले. त्यांनी कॅन पाहिला, कुलूप पाहिलं, मग पिंपाशी थांबले.

"यात काय आहे?"

वाळू, एवढंच सांगून भागलं असतं. पुनमनं सगळं सांगितलं, परातीपासून.

"उघडलं कुणी?"

"मी," व्यंकटराव म्हणाले.

"मालक खोटं बोलून राहिले," पद्माबाई म्हणाल्या. "भरीला म्या घातलं."

साहेब रुक्माबाईंकडे वळले. "याडी, तुम्ही?"

आपल्या बोलीत आई म्हणून हाक आल्यावर रुक्माबाईंनी टाचच पुढं केली. "म्या फकस्त लावलं. मंग धूत बसले. नालीत एक थेंब जाऊ दिला न्हाई पोरीनं. भेगा मातर हायती तशाच हायत."

साहेबांनी टाच वाकून पाहिली. मग खुर्चीवर बसून बराच वेळ लिहीत राहिले. व्यंकटराव उगाच बॉयलर पुसत होते.

"मी फिरतो त्या प्रत्येक ठिकाणी सांगतात, आमच्याकडं कधी थेंबही सांडला नाही," साहेब म्हणाले. "पिंपं कोरी करकरीत असतात. सांडल्यावर काय करतात, ते मला आज पहिल्यांदा दिसलं. काम तुमच्याकडं राहील. पण अट आहे. जोवर हे लिक्विड इथं आहे, तोवर पुनममॅडमनी इथंच राहायचं. तुमच्या तिघांच्या भरवशावर मी ते एक दिवस ठेवणार नाही."

पुनमनं वडलांकडं पाहिलं. ते बॉयलरचा तोच कोपरा पुन्हा पुसत होते.

साहेब गाडीत बसले, तेव्हा व्यंकटराव काचेजवळ गेले.

"साहेब, हे पातळ मीठ खराब किती दिवसात होतं?"

"कोरडं ठेवलं तर होतच नाही. हवेत उडत नाही, आटत नाही. वर्षानुवर्षं राहतं."

व्यंकटरावांनी मागं वळून पाहिलं. पुनम दारात उभी राहून रुक्माबाईंना दटावत होती.

"मंग असं करा," ते आवाज उतरवून म्हणाले, "अजून दोन डबे पाठवा."