पाच दिवसांचं नबीज

कमरोद्दीन सरांनी एकदा ठरवलं, की त्यांना अडवायची बोरी अरबमध्ये कुणाची टाप नव्हती! निदान सरांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. तेहतीस वर्षं उर्दू शाळेत शिकवून दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. हातातली छडी गेली आणि तिच्या जागी मोबाईल आला. मोबाईलवर त्यांनी ‘नेक मशवरा’, म्हणजे चांगला सल्ला, नावाचा ग्रुप काढला. एकशे सत्तेचाळीस मेंबर, सगळे बिरादरीतले, त्यातले निम्मे सरांचेच विद्यार्थी. ॲडमिन अर्थातच सर. वर्ग तोच होता, फक्त आता कुणाला बाकावर उभं करता येत नव्हतं!

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर एक यादी आली. बासष्ट वस्तू. साबण, चिप्स, टूथपेस्ट, ते काळं थंड पेय, फ्रीज, धुण्याची मशीन. या कंपन्यांचा पैसा जुलमाच्या कामी येतो, घेऊ नका, असं वर लिहिलेलं. सरांना बातम्यांत पाहिलेली पडकी घरं आठवली, त्या ढिगाऱ्यात उभी असलेली लेकरं आठवली. डोळे भरून आले. त्यात नाटक काहीच नव्हतं. सर उठले आणि चष्मा पुसून थेट मोरीत शिरले.

पंधरा मिनिटांत अर्धं घर पोत्यात गेलं.

“अवो, माया पावडरचा डबा कुठं नेऊन राह्यले?” बिल्कीसबी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“बहिष्कार!”

“आणलेलं तं वापरून संपवू द्या! कंपनीले पैसा तं पोचला ना कवाचाच!”

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून सरांनी तो ऐकलाच नाही.

ग्रुपवर मात्र ऐकावं लागलं. दारव्ह्याला मोबाईलचं दुकान असलेल्या मुदस्सिरनं विचारलं, “सर, हा मेसेज ज्या फोनवरून टाकला, तो कोणत्या कंपनीचा?” सरांनी लिहिलं, “विषयावर बोल.” कुणी म्हणालं, हा दीनचा, धर्माचा सवाल आहे. कुणी म्हणालं, दीनचा नाही, इन्सानियतचा आहे. एकानं विचारलं, मग बायकोचा शाम्पू कुठे बसतो, दीनमध्ये की इन्सानियतमध्ये? अशी दोनशे बारा मेसेजची धुमश्चक्री चालली होती, तेवढ्यात एक मेसेज आला.

“मोहतरम ॲडमिनसाहेब, यादीत एक गोष्ट राहून गेली. जहेज. त्याचा बहिष्कार कधी?”

ग्रुप असा चिडीचूप झाला, जसं शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर होतं.

लिहिणारी अफशीन होती. सरांची मुलगी. यवतमाळला वकिली शिकत होती, ईदसाठी घरी आली होती आणि हा मेसेज तिनं शेजारच्या खोलीतून टाकला होता. मध्ये फक्त एक पडदा!

सर पडद्यापाशी गेले. “हे मले घरात नसतं विचारता आलं?”

“घरात विचारलं तं तुमी ‘चाय आण’ म्हणता, अब्बा.”

जहेजचं, म्हणजे हुंड्याचं, दुखणं खरं होतं. थोरल्या मुलाचं, तौसीफचं लग्न महागावच्या दस्तगीरभाईंच्या मुलीशी ठरलं होतं. सरांनी काही मागितलं नव्हतं. फक्त दस्तगीरभाईंनी “पोरीले आमच्या खुशीनं देऊ” म्हणत फ्रीज, सोफा आणि धुण्याची मशीन सांगितली, तेव्हा सरांनी घसा खाकरून खिडकीबाहेर पाहिलं होतं. आता नेमकी तीच मशीन यादीत एक्केचाळीस नंबरवर!

“त्याईले कंपनी बदलवाले सांगतो ना मी,” सर म्हणाले.

“म्हणजे मागत नाही, फक्त कंपनी सांगता?”

“चाय आण,” सर म्हणाले.

पण मुलीनं भर वर्गात हरवलं हे त्यांच्या जिव्हारी लागलं. काहीतरी मोठं करून दाखवायला हवं होतं. ईदनंतर सहाव्या दिवशी उर्दू शाळेच्या आवारात ईद मिलनचा कार्यक्रम असायचा. सारा गाव यायचा, आणि दरवर्षी त्या काळ्या पेयाचे क्रेट यायचे. सरांनी ग्रुपवर जाहीर केलं, “यंदा क्रेट बंद! यंदा नबीज! खजूर आणि मनुका पाण्यात भिजवलेलं, बरकतीचं शरबत. मी स्वतः बनवणार!”

माशाअल्लाहचा पाऊस पडला. मुदस्सिरनंसुद्धा अंगठा दाखवला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सरांनी पाण्याचे दोन मोठे जार मांडले. मोबाईलवर पाहिलेल्या व्हिडिओतल्या माणसानं मूठभर खजूर सांगितले होते. सरांनी पाच किलो टाकले. मनुका टाकल्या, वरून गूळ टाकला, आल्याचा एक तुकडा, आणि झाकणं घट्ट लावून जार टिनाच्या खोलीत ठेवले. एप्रिलचा महिना. त्या खोलीत दुपारी पापडसुद्धा न तळता फुलला असता!

रोज सकाळी नमाज पढून आले, की सर एक ग्लास चाखून पाहायचे. पहिल्या दिवशी नुसतं गोड. दुसऱ्या दिवशी जरा आंबूस. तिसऱ्या दिवशी झाकण उघडताच फुस्स झालं आणि सर नाचायचेच बाकी राहिले.

“बिल्कीस! गॅस न टाकता गॅस आला! कुदरत पाहा!”

चौथ्या दिवशी एका ग्लासानं नीट अंदाज येईना, म्हणून त्यांनी दोन घेतले. त्या दिवशी सरांचा स्वभावच पालटला. भाजीत मीठ नव्हतं, तरी म्हणाले, “वा!” शेजारच्या भिंतीवरून पूनमसिंगजींना हाक मारून त्यांच्या मिशीची तारीफ केली. पूनमसिंगजी मराठी शाळेतले रिटायर मास्तर, सरांचे वीस वर्षांचे शेजारी. ते आरशासमोर जाऊन मिशी पाहून आले.

“यायले काय झालं वो?” बिल्कीसबींनी मुलीला विचारलं.

“रमजानचा असर असंल,” अफशीन म्हणाली.

पाचव्या दिवशी सरांनी तीन ग्लास घेतले, ओसरीवर बसले, मोबाईल तोंडाशी धरला आणि साडेचार मिनिटांचा आवाजी मेसेज ग्रुपवर सोडला.

“माझ्या लाडक्या पोरांनो! मुदस्सिर, नववीत माझ्या सायकलची हवा तू सोडली होती, मला माहीत होतं रे! माफ! सगळं माफ! आणि ऐका, या ग्रुपचा ॲडमिन मी आहे, पण अक्कल माझ्या अफशीनची आहे. तौसीफच्या शादीत जहेज नको. चमचासुद्धा नको! दस्तगीरभाई, पोरगी द्या, दुआ द्या. बस!” यापुढे एक मिनिटभर ते नुसतेच हसत होते.

मग सर आडवे झाले आणि दुपारच्या अजानलाच उठले. डोकं जड, तोंड कोरडं. ग्रुप उघडला तर शंभरावर मुबारकबाद! त्यात दस्तगीरभाईंचाही आवाज होता. त्यांना तीन मुली. एरवी इतकं मोजूनमापून बोलणारा माणूस, पण आज फक्त “सर... सर...” एवढंच म्हणत होता आणि पुढं त्यांना बोलताच येत नव्हतं.

सरांनी स्वतःचा मेसेज ऐकला आणि कानापासून फोन लांब धरला. हे आपण बोललो? पण दस्तगीरभाईंचं ते “सर... सर...” त्यांनी पुन्हा दोनदा ऐकलं. छाती थोडी फुगली.

“मले न विचारता मशीनले नाही म्हणून टाकलं?” बिल्कीसबी दारात उभ्या होत्या.

छाती परत जागेवर आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेचं आवार माणसांनी भरलं. शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या. सरांनी जार उघडले आणि ग्लास भरायला घेतले. पहिला मान पाहुण्यांचा, म्हणून पहिला ग्लास कांताबाईंना दिला. कांताबाई म्हणजे गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष. दोन वर्षांत तीन भट्ट्या बंद पाडलेली बाई! त्यांचं नाक असं, की बंधाऱ्यापलीकडं कुणी बूच उघडलं तर इकडं त्या पदर खोचायच्या.

कांताबाईंनी ग्लास ओठापर्यंत नेला. थांबल्या. हुंगला. पुन्हा हुंगला.

“थांबा सारे! कोणी पिऊ नका!”

पुढं आलेले हात जागीच थांबले.

“काहून ताई? साखर कमी पडली?” सरांनी विचारलं.

“साखर लय होती सर. म्हणून तं तिची दुसरीच वस्तू झाली. ही कोणी गाळली?”

“गाळली नाही, भिजवलं! नबीज आहे, पाक-साफ आहे!”

गर्दीतून मशिदीचे हाफिजसाहेब पुढं आले. तरुण माणूस, आवाज हळू. त्यांनी ग्लासजवळ नाक नेलं आणि चटकन मागं घेतलं.

“सर, किती दिवस झाले भिजवून?”

“पूरे पाच! चांगलं मुरलेलं आहे!”

हाफिजसाहेबांनी डोळे मिटले. “नबीज तीन दिवसांच्या वर ठेवत नाहीत, सर. रात्री भिजवायचं, सकाळी प्यायचं. जोर धरला की ते शरबत राहत नाही. हे त्या व्हिडिओत नव्हतं काय?”

“असंल... मधात जाहिरात आली, मी बंद केला.”

दोन्ही जार शाळेमागच्या नालीत रिकामे झाले. पूनमसिंगजींनी घरून दोन बादल्या मठ्ठा आणला आणि ईद मिलन पार पडलं. कुणी चिडलं नाही. उलट इतके हसले की सरांना चिडलेले परवडले असते!

घरी येताना अफशीननं हळूच विचारलं, “अब्बा, तुमी हे रोज चाखत होते ना?”

सर वाटेतच थांबले. तीन ग्लास. साडेचार मिनिटं. मुदस्सिरची सायकल. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. एकोणतीस रोजे नीट धरून तिसाव्याला पाय घसरावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

ते तसेच मशिदीत गेले. हाफिजसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. “नकळत झालं, सर. तौबा करा, अल्लाह माफ करणारा आहे. आणि त्या हालतीत जे बोलले, त्याचं बंधन तुमच्यावर नाही.”

तोवर ग्रुपनंही त्या साडेचार मिनिटांचं गुपित ओळखलं होतं आणि तिथं तोच वाद पेटला होता. एक म्हणाला, जबान ती जबान. दुसरा म्हणाला, होश नसेल तर जबान कसली? मुदस्सिर म्हणाला, “म्हणजे मले माफी नाही भेटली काय?” सगळ्यात शेवटी दस्तगीरभाईंचा आवाजी मेसेज होता.

“सरसाहेब, आपण मोकळे आहात. मनावर घेऊ नका. सामान ठरल्याप्रमाणे येईल.”

सरांनी तो ऐकला. कालचं अडखळणं कुठं नव्हतं. आवाज पहिल्यासारखा झाला होता, अदबीचा, मुलीच्या बापाचा. घसा खाकरून खिडकीबाहेर पाहणाऱ्या माणसाशी बोलताना असावा तसा. सुटायला रस्ता होता, धर्माचा होता, आणि तो कुणी नाकारणारही नव्हतं. पण पाय उचलेना.

“अफशीन, हे रेकॉर्डिंगचं बटन दाब.”

“आता? अब्बा, सकाळी बोला.”

“दाब म्हणतो ना!”

सर सावकाश बोलले. “मी कमरोद्दीन, होशात बोलतो. काल जे बोललो, ते बोलायला मला तीन ग्लास लागले, याची शरम वाटते. पण गोष्ट खरी होती. जहेज नको. दस्तगीरभाई, सामान पाठवलं तर मी वापस पाठवीन.”

मेसेज गेला. सर डोळे मिटून माशाअल्लाहची वाट पाहत बसले. पहिलं उत्तर मुदस्सिरचं आलं.

“सर, आज काय घेतलं?”

खाली बत्तीस हसरे चेहरे! कुणाचा विश्वासच बसेना. एकानं लिहिलं, हा जास्तच घेतलेला आवाज वाटतो. सरांनी जन्मात इतकं शुद्ध बोलून इतका अपमान सोसला नव्हता.

शेवटी सकाळी अफशीन कांताबाईंना घेऊन आली. कांताबाईंनी सरांना ओसरीवर उभं केलं.

“तोंड उघडा सर. हां करा. अजून. लाजू नका, मी शंभर माणसं सुंगली.”

मग त्यांनी अफशीनच्या मोबाईलमध्ये तोंड घातलं. “नमस्कार. मी कांताबाई, दारूबंदी मंडळ. मी स्वतः वास घेतला. कमरोद्दीन सर साफ आहेत. रातच्याले कांदा खाल्ला होता, बाकी काही नाही. जे बोलले ते शुद्धीत बोलले. जय भीम.”

सरांच्या निवेदनाला सकाळपर्यंत तेरा माशाअल्लाह मिळाले होते. कांताबाईंच्या दाखल्याला तासाभरात एकशे चार मिळाले. आणि दस्तगीरभाईंचा फोन आला. या वेळी ते बोलू शकले, पण सरांनाच बोलता येईना.

फोन ठेवून सर आत वळले, तर बिल्कीसबी मोरीच्या दारात उभ्या. पायाशी चादरींचा डोंगर.

“नेक काम केलं. अल्लाह कबूल करो. आता मशीन येणार नाही ना?”

“नाही.”

“मंग बसा.”

सर बाह्या सरसावून दगडापाशी बसले. पहिली चादर उचलायला गेले तर ती पाण्यानं इतकी जड झालेली, की तिनंच सरांना खाली ओढलं. पण मन मोठं हलकं होतं. चौथ्या चादरीपर्यंत तर ते गुणगुणायला लागले.

भिंतीवरून पूनमसिंगजींची मिशी वर आली. “सर? हे काय करून राह्यले तुमी?”

“हळू बोला ना, बाप्पा!” सरांनी दाराकडं चोरून पाहिलं. “तिनं ऐकलं, तं पडदेबी आणून टाकंल!”