चार नंबरच्या टाकीत कुणी मरत नाही

“आज संध्याकाळी येईन तो कायम होऊनच!” ग्रॅमभाऊंनी चहाचा कप ठेवत बायकोला बजावलं. “पाच वर्षं हंगामी म्हणून राबलो, आता बास!”

भाऊ मत्स्यपालन केंद्रात मासे तोलत. घरीसुद्धा “साखर जरा घाल” असं न म्हणता “सात ग्रॅम घाल” म्हणत, म्हणून हे नाव. काम सोपं होतं. दर पंधरवड्याला प्रत्येक टाकीतले तीस मासे जाळीनं काढून तोलायचे, सरासरीला टाकीत सोडलेल्या माशांच्या संख्येनं गुणायचं आणि किलोभर वाढीला किती खाद्य लागलं ते काढायचं. बाकी टाक्यांत दीड किलो लागे. भाऊंनी मात्र चार नंबरच्या टाकीतल्या तीनशे मिशीवाल्या माशांचं खाद्य निम्म्यावर आणलं, आणि मासे नुसते फुगायलाच लागले! किलोभर वाढीला अवघं चारशे ग्रॅम!

“आणि मेले किती?” बायकोनं विचारलं.

“एकही नाही! तीन महिन्यांत एक मेलेला मासा सापडला असेल तर शपथ!”

“सापडला नाही, की मेला नाही?”

“तुला त्यातलं काही कळत नाही,” म्हणत भाऊ निघाले.

खरं सांगायचं तर हल्ली त्यांनाच त्या टाकीची धास्ती वाटे. पत्र्याच्या लांबलचक शेडला खिडकी नव्हती. छतातल्या हिरव्या प्लास्टिकमधून काय उजेड झिरपेल तेवढाच. खाद्याची बादली वाजली की इतर टाक्यांत एकच हलकल्लोळ उडे. चार नंबरमध्ये काही नाही. पाणी काळं आणि गप्प. मग कडेला एक रुंद तोंड वर येई, उघडंच राही, आणि सावकाश खाली जाई.

“भाऊ, ही टाकी मला नका देऊ,” खाद्य घालणाऱ्या मावशी म्हणाल्या. “इथं कुणीतरी कान देऊन ऐकत असतं बघा!”

“मावशी, जेवलेली मंडळी आहेत, शांतच असणार!”

“जेवली? पण आपण तर निम्मंच घालतो!”

भाऊंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शेवटची तोलणी सुरू केली. मासा पाण्याबाहेर फार राहू नये, म्हणून तोलला की लगेच परत टाकीत सोडायचा, ही त्यांची खास पद्धत. पहिला आला तो ओठ फाटलेला. एक किलो आठशे चाळीस ग्रॅम. अकराव्याचाही ओठ फाटलेला. बाविसाव्याचाही! वजन ग्रॅमाला ग्रॅम तेच!

“एकसारखी वाढ म्हणतात ती हीच!” भाऊ मोठ्यानं म्हणाले. इतक्यात पाण्यातून एक मिशी वर आली आणि बाजारात भाजी चाचपावी तशी त्यांचं मनगट चाचपून गेली. भाऊंनी तिसावा मासा जवळजवळ फेकलाच.

तेवढ्यात मालकीणबाई कागद घेऊन आल्या. “तुमचं कायमचं पत्र. आणि उद्यापासून बाराही टाक्यांना खाद्याचं तुमचंच माप! पण आधी ही टाकी उपसा. तीनशे मासे डोळ्यांनी बघू देत.”

तळाची झडप उघडली. पाणी घुटके घेत उतरू लागलं. काळ्या पाठी दिसू लागल्या, एकेक उशीएवढी. पाणी वीतभर राहिलं तेव्हा मावशींनी मोजलं, आणि त्या दोन पावलं मागं सरल्या.

“एकोणीस.”

“आज तुम्ही किती तोललेत?” बाईंनी विचारलं.

“तीस.”

“एकोणिसांतले तीस?”

जन्मात पहिल्यांदा भाऊंना हिशेब नकोसा झाला.

“बाकीचे दोनशे एक्याऐंशी कुठं आहेत?”

खोटं बोलायची भाऊंना सवय नव्हती. “इथंच आहेत, बाई,” ते म्हणाले. “फक्त सुटे नाहीत.”

बाईंनी पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. “तुम्ही हंगामीच बरे. आता आधी यांना जेवायला घाला!”

भाऊ बादली घेऊन कडेला गेले. खालून एकोणीस तोंडं त्यांच्याकडे वळली आणि एकदम उघडली.

किती ग्रॅम, असं मावशींनी विचारेपर्यंत भाऊंनी अख्खी बादली ओतली होती, आणि ते दुसरी आणायला पळत सुटले होते.